न भिजलेला रेनकोट

मी एक जुना रेनकोट आहे. दासगावजवळच्या वाडीत, येसूबाईच्या घरात, दाराआडच्या खुंटीला लटकलेला असतो. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, रेनकोटाला कसली आली आहे हकीकत? पावसात जायचं, भिजायचं, घरी येऊन निथळायचं. मलाही तसंच वाटत होतं. पण मला घरधनी असा मिळाला, की भर पावसाळ्यात मला पावसाचा थेंब मिळेना. ते दिवस आठवले की आजही माझं डोकं तापतं. मला डोकं नाही, तरी तापतं.

माझा जन्म मुंबईतला. जाड सुती कापडावर रबराचा थर देऊन मला बेतलं, शिवणींवर आतून पट्ट्या चिकटवल्या. बटणं एका पट्टीखाली लपवली. खिसा एकही ठेवला नाही. रंग दिला शेवाळाचा. अशा रूपाने मी महाडच्या बाजारात एका दुकानात आलो आणि तिथे मागच्या खिळ्याला तीन वर्षं लोंबकळत राहिलो. गिऱ्हाइकं यायची ती जूनमध्ये, पाऊस डोक्यावर आल्यावर, घाईघाईने. त्यांना चकचकीत बटणांचे, कमरेला पट्टा असलेले कोट आवडायचे. मला कोणी हात लावलाच, तर बाजूला सारण्यापुरता.

मग १९७८ सालच्या मार्चात, ऐन उन्हात, येसूबाई दुकानात शिरली. मागे तिचा नवरा श्रीपत, दोन पावलं अंतर ठेवून. दुकानदाराला वाटलं बाई चुकून आली. पण येसूबाई पक्की होती. रेनकोट उन्हाळ्यातच घ्यावा, तेव्हा दुकानदार दर सोडतो आणि आपल्यालाही नीट बघून घ्यायला सवड मिळते, असा तिचा हिशेब होता.

सवड तिला हवीच होती, कारण हा कोट हौसेचा नव्हता. आदल्या श्रावणात श्रीपतच्या छातीत पाणी झालं होतं. महिनाभर तो अंथरुणाला खिळून होता. महाडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, की यापुढे अंग भिजू द्यायचं नाही, हे दुखणं दुसऱ्यांदा आलं तर आपल्या हातात काही राहणार नाही. आणि श्रीपत तर सावित्रीवर पाग टाकणारा. पाग म्हणजे हाताने भिरकावून टाकायचं गोल जाळं. पंचक्रोशीत त्याच्यासारखा पाग कोणाला टाकता येत नव्हता, आणि पावसाळ्यात त्या मासळीवरच घर चालायचं. मासळी सोडा, असं येसूबाईने त्याला एकदाही म्हटलं नाही. ती कोट बघायला निघाली.

मित्रांनो, वस्तू कशी पारखावी ते त्या बाईकडून शिकावं. दुकानदाराने आधी एक लांबलचक कोट काढला. ती म्हणाली, हा पाण्यात उतरलं की फुगेल आणि माणसाला ओढत नेईल. मग पातळ प्लास्टिकचा आला. तो तिने नुसता चुरगाळला आणि परत दिला, करवंदीच्या जाळीत पहिल्याच दिवशी फाटला असता. खिशांचा कोट तर तिने अंगालाही लावून पाहिला नाही. खिशात पाणी साचतं, ते कोणी वाहायचं? शेवटी तिची नजर मागच्या खिळ्यावर गेली.

तिने श्रीपतला मला घालायला लावलं आणि पाग टाकून दाखवायला सांगितलं. भर बाजारात, हातात जाळं नसताना! तो लाजून चूर झाला. तेव्हा तिने मलाच स्वतःच्या लुगड्यावर चढवलं, जाळ्याची एक बाजू दातात धरली आहे, एक खांद्यावर टाकली आहे असं समजून कंबरेत वळली आणि दोन्ही हात झोकून दिले. दुकानातली माणसं हसली. तिला त्याचं काही नव्हतं. तिने माझ्या छातीवरून तळहात फिरवला. जाळं अडकेल असं एकही बटण वर नव्हतं. मग बाह्यांत तांब्याभर पाणी ओतून घेतलं आणि थेंब गळतो का ते बघितलं. नाही गळला. ज्या गोष्टींसाठी मला तीन वर्षं नाकारलं, त्या सगळ्यांसाठी तिने मला निवडलं. मी इतका फुगलो होतो, की घडी घालताना दुकानदाराला मला दाबून बसवावं लागलं.

माझा आनंद तिथेच संपला म्हणा ना.

श्रीपतला मी फार आवडलो. इतका, की त्याने मला चौदा एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत घातलं. महाडच्या रस्त्यावर ऊन नुसतं पेटलं होतं. आतून घामाच्या धारा लागल्या होत्या, पण पठ्ठ्याने एक बटण सोडलं नाही. भेटेल तो जयभीम करायचा आणि कोटाला हात लावून बघायचा. मग मे महिन्यात पोलादपूरला त्याची बहीण चिमाबाई हिच्या घरी लग्न होतं. तिथेही मी एसटीतून त्याच्या हातावर घडी होऊन गेलो आणि मांडवात त्याच्या अंगावर चढलो. सगळ्यांनी तारीफ केली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मी स्वतःची समजूत घातली, की एकदा पाऊस लागू दे, मग दाखवतो काय चीज आहे ती.

पाऊस लागला. सावित्री तांबडी होऊन फुगली, ओहोळांच्या तोंडाशी मासे चढायला लागले. सकाळी येसूबाईने आपल्या हाताने माझी बटणं लावली आणि श्रीपत पाग घेऊन निघाला. मी आनंदात होतो. नदीच्या वळणावर, घर दिसेनासं झाल्यावर तो थांबला. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि मला काढलं. जपून घडी घातली, मासळीपासून दूर एका टोपलीत ठेवलं, आणि वरून आपली जुनी गोणपाटाची खोळ पांघरली.

माझ्यावर, मित्रांनो. रेनकोटावर.

मी खोळीखाली कोरडा ठणठणीत, आणि तो उघड्या अंगावर पाऊस घेत पाण्यात उभा! दुपारी परत निघताना त्याने ओंजळीने माझ्यावर पाणी शिंपडलं, तसंच ओल्या अंगावर मला चढवलं आणि येसूबाईपुढे जाऊन उभा राहिला. ती बिचारी समाधानाने भाकरी वाढायला लागली.

असं एक दिवस नाही, महिनाभर चाललं. मी किती चरफडलो म्हणून सांगू! मला तोंड असतं तर त्या वळणावर मी बोंब ठोकली असती. आषाढात त्याला खोकला लागला. आधी सकाळी, मग दिवसभर. ओल्या अंगावर मला घालून तो घरी चालायचा, तेव्हा तो खोकला मला आतून लागायचा. ज्याच्यासाठी मला आणलं, ते दुखणं माझ्या अस्तराला टेकून बसलं होतं आणि मी दिखाऊ शालीसारखा वर होतो. असला वैताग शत्रूलाही नको.

एका दुपारी येसूबाईने मला खुंटीला अडकवलं आणि थबकली. माझ्या बाहेरून निथळत होतं त्याहून जास्त पाणी आतून गळत होतं. तिने माझी बाही नाकाशी नेली. महिनाभर मासळीत वावरलेल्या कोटाला मासळीचा वास नव्हता. बाहीवर एक खवला नव्हता. तिने श्रीपतकडे बघितलं. तो खोकत होता, म्हणून ती थांबली आणि खोकला सरल्यावर तिने विचारलं. त्याने लपवाछपवी केली नाही. खाली बघत म्हणाला,

"माज्या बापानं उभ्या जन्मात गोनपाट पांगरला. त्योबी वरच्या वाडीतनं जाताना डोक्यावरनं काढून काखंत धरायला लागायचा, भर पावसात. येवडी चांगली वस्तू मी चिखलात घालू? ती लोकांत घालायची हाय गो."

येसूबाई उठून चुलीकडे गेली. मला वाटलं, संपलं, हिलाही पटलं. सासऱ्याचं ते भिजलेलं डोकं तिनेही पाहिलेलं होतं.

दुसऱ्या सकाळी ती महाडला गेली आणि चांगूच्या सायकलच्या दुकानातून पंक्चर चिकटवायच्या सोल्युशनची नळी आणि फुटक्या ट्यूबचा तुकडा घेऊन आली. श्रीपत ओटीवर बसला होता. तिने मला त्याच्यासमोर पसरलं, कोयती घेतली आणि माझ्या छातीवर वीतभर चीर दिली.

दुखलं का? दुखलं. श्रीपत ताडकन उठला. तिने शांतपणे चिरेवर ट्यूबचा काळा तुकडा चिकटवला, तळव्याने दाबून धरला. ठिगळ पक्कं बसलं होतं, आणि दहा पावलांवरून दिसेल असं होतं. कोपऱ्यात मासे धुतल्याचं पाणी होतं, तेही तिने माझ्यावर ओतलं.

"आता ह्यो लोकांत न्यायच्या लायकीचा नाय राह्यला," ती म्हणाली. "आता नदीवर न्या. मामंजी भिजलं, त्यांना भिजवनारं लोक व्हतं. तुमाला कोन भिजवतंय? तुमी हायसा तर दुसरा घिऊ लोकांत जायला."

श्रीपत त्या दिवशी जेवला नाही. त्याचा राग मला कळत होता, तिची भीतीही कळत होती, आणि खरं सांगतो, मी तिच्या बाजूने होतो.

तिसऱ्या दिवशी आभाळ फाटल्यासारखा पाऊस होता. तो मला घालून निघाला. वळणावर आला, थांबला, सवयीने हात बटणांकडे गेला आणि ठिगळाला लागला. बराच वेळ त्याने बोटाने ते ठिगळ चाचपलं. मग हात खाली घेतला आणि तो पाण्याकडे उतरला.

काय पाऊस होता तो! खांद्यावर आदळत होता, पाठीवरून लोट वाहत होते, आणि मी एकेक थेंब बाहेरच्या बाहेर परतवत होतो. श्रीपतने पाग झोकला. जाळं माझ्या छातीवरून सरसरत सुटलं, कुठे अडकलं नाही. बोय मासे आले, तडफडताना त्यांनी मला खवल्यांनी भरून टाकलं. मी असा घाण कधीच झालो नव्हतो, आणि असा खूशही.

घरी येसूबाई दारातच उभी होती. तिने मासे किती ते विचारलं नाही. माझ्या कॉलरीतून हात घालून तिने त्याच्या पाठीवरून फिरवला.

"कोरडी हाय," ती म्हणाली, आणि तिथेच उंबऱ्यावर खाली बसली.

त्यानंतर श्रीपतने मला नऊ पावसाळे घातलं. आता माझ्यावर अकरा ठिगळं आहेत, रबर तडकलं आहे, खांद्यातून पाणी झिरपतं. त्याच्या छातीत पुन्हा पाणी झालं नाही. मित्रांनो, वस्तू जपून वापराव्यात असं तुम्हाला शाळेत सांगतात. जपा, पण वापरा. तुमच्या घरात कोणासाठी आणलेली एखादी चांगली वस्तू पेटीत घडी घालून ठेवलेली असेल, तर ती आज बाहेर काढा आणि ज्याच्यासाठी आणली त्याच्या अंगावर चढवा. तो नको म्हणाला, तर खुशाल कोयती हातात घ्या. आम्ही फाटलो तर ठिगळ लावता येतं. माणसाला ते लावता येत नाही.