दिपिओनं दिलेली परवानगी

दर शनिवारी सकाळी चर्चच्या मैदानावरून सात-आठ सायकली निघायच्या आणि निर्वासितांच्या वसाहतीत जायच्या. सगळी गावातलीच, माडी जमातीची पोरं. कुणी पंधरा वर्षांचं, कुणी सतराचं. तिथल्या आंब्याखाली ती सुदानहून आलेल्या मुलांचा अभ्यास घ्यायची, चेंडू खेळायची, कुणी आजारी असलं तर दवाखान्यात पोचवायची. प्रत्येकाला वसाहतीतलं एकेक मूल नेमून दिलेलं होतं. दिपिओच्या वाट्याला जोकुडू आली.

जोकुडू पंधराची, म्हणजे दिपिओपेक्षा एकाच वर्षानं लहान. पण पळापळीत शाळा बुडाल्यामुळे अजून सातवीतच होती. सरकारी परीक्षा तोंडावर आली होती. तिला शिकवायला गेलेली दिपिओ पहिल्याच दिवशी अपूर्णांकात अडकली.

"तू खरंच नववीत आहेस?" जोकुडू म्हणाली. "की बाक रिकामा होता म्हणून बसवलंय?"

दिपिओबरोबर सायकलनं आलेला वुनी शेजारी बसला होता, तो हसून हसून लोळला. दिपिओ आधी चिडली, मग तीही हसली. त्या दिवसापासून गणित जोकुडूनं सांगायचं आणि इंग्रजी दिपिओनं, असं ठरून गेलं.

जोकुडूच्या झोपडीत ती आणि सात वर्षांची धाकटी बहीण किडेन, दोघीच होत्या. आई जानेवारीत नदी आणि सरहद्द ओलांडून आपल्या जुन्या शेतातले कसाव्याचे कंद उपटून आणायला गेली, ती परतलीच नाही. कुणी म्हणे वाटेत शिपायांनी अडवलं, कुणी म्हणे आजारी पडली. जोकुडू त्यावर बोलत नसे. किडेन विचारायची तेव्हा म्हणायची, "येईल. शेत मोठं आहे आपलं."

मार्चमध्ये वसाहतीत वाटायच्या धान्याच्या याद्या नव्यानं झाल्या. कार्ड आईच्या नावावर होतं आणि अंगठा तिचाच लागायचा. अंगठा नाही म्हटल्यावर नाव कटलं. दिपिओ आणि वुनी तक्रारीच्या टेबलापाशी तीनदा रांगेत उभे राहिले, तीन अर्ज लिहिले. तिसऱ्या वेळी टेबलामागचा माणूस म्हणाला, "पोरांनो, तुमचा अर्ज पुढे गेलाय. पुढून इकडे काय येतं ते मलाही कळत नाही."

मग जोकुडू जळण विकायला लागली. एक मोळी दिली की शेजारच्या बाया एक ताटली पीठ द्यायच्या. पण वसाहतीच्या आसपास काडी उरली नव्हती. पहाटे निघालेली पोरगी दुपारी परतायची आणि अभ्यासाला बसली की डुलक्या काढायची.

"ओढा ओलांडून जा ना," एका शनिवारी दिपिओ म्हणाली. "पलीकडचं रान मोइनीमामाचं आहे. वाळकी लाकडं नुसती पडून आहेत."

"मामाला विचारलंस?"

"माझा सख्खा मामा आहे तो! मी सांगते त्याला. तू जा बिनधास्त."

त्या आठवड्यात दिपिओ दोनदा मामाकडे गेली. पहिल्यांदा त्याच्याकडे पाहुणे होते. दुसऱ्यांदा तो वसाहतीतल्या लोकांच्या नावानंच खडे फोडत होता. त्यांच्या शेळ्या त्याच्या तिळात शिरल्या होत्या. त्याचा पारा उतरल्यावर सांगू, असं म्हणून ती तशीच परतली.

पडलेली लाकडं चार दिवसांत संपली. पाचव्या दिवशी जोकुडूनं शियाच्या झाडाची अर्धी वाळलेली फांदी तोडली. माडी माणूस शियाच्या झाडाला कुऱ्हाड लावत नाही. त्याच्या बियांच्या तेलात घरोघरचं कालवण शिजतं, जन्मलेलं पोर त्याच तेलानं चोळतात, आणि ते झाड वाढायला माणसाचं निम्मं आयुष्य जातं. आवाज ऐकून मोइनीमामा आणि त्याचे दोन मुलगे धावत आले. मामाच्या हातात काठी होती. डोक्यावर बसणारा फटका जोकुडूनं उजव्या हातावर झेलला आणि मनगट मोडलं.

सोमवारी गावच्या चेअरमननं बैठक बोलावली. एका बाजूला गावकरी, दुसऱ्या बाजूला वसाहतीचा पुढारी आणि त्याची माणसं. मधोमध जोकुडू उभी होती. हात फडक्यात गळ्याशी बांधलेला, बोटं सुजून टम्म झालेली. दिपिओ बायकांच्या घोळक्यात आईला खेटून उभी होती.

"तुला त्या रानात जायला कुणी सांगितलं होतं?" चेअरमननं विचारलं.

जोकुडूची नजर घोळक्यावरून फिरली. दिपिओपाशी क्षणभर थांबली आणि पुढे सरकली.

"कुणी नाही. मीच गेले."

दिपिओला पुढे होऊन बोलायचं होतं. मामा समोर होता, सगळं गाव समोर होतं. 'आता बोलते, आता बोलते' म्हणता म्हणता चेअरमन पुढच्या गोष्टीवर गेला. निकाल लागला की वसाहतीतल्या कुणीही, बाई असो की मूल, ओढा ओलांडायचा नाही. मामानं दवाखान्याच्या खर्चापोटी एक कोंबडा दिला. दोन्हीकडच्या माणसांनी हात मिळवले आणि प्रकरण मिटलं असं सगळे म्हणाले.

शनिवारी दिपिओ भुईमूग आणि पीठ घेऊन गेली. जोकुडू दारात बसली होती. दवाखान्यात पट्टी बांधली होती. हाड बसवायला मोठ्या इस्पितळात जा म्हणाले होते. नेणार कोण?

"का नाही सांगितलंस माझं नाव?" दिपिओनं विचारलं.

"सांगून काय झालं असतं? तुला शिव्या बसल्या असत्या. माझा हात थोडाच जुळला असता?"

"मला भीती वाटली गं."

"मलाही वाटत होती," जोकुडू म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच दिपिओला सोसेना. "आता इथल्या बाया माझ्याशी बोलत नाहीत. माझ्यापायी ओढा बंद झाला. जळणासाठी त्यांना तीन तास उलट्या दिशेला चालावं लागतं."

"परीक्षा?"

जोकुडूनं सुजलेली बोटं मिटायचा प्रयत्न केला. ती मिटली नाहीत. "पेन तू धरणारेस का?"

घरी जाऊन दिपिओनं आईला विचारलं, दोघींना आपल्याकडे आणूया का. आई चुलीपुढून उठलीही नाही. "मामाच्या रानात चोरी केलेली पोरगी मी माझ्या घरात ठेवू? आणि खायला काय घालू, तुझी पुस्तकं?"

मग सोमवारी ती मामाकडे गेली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

"हे आता सांगतेस?"

"चुकलं मामा."

"आम्हीही निर्वासित होतो तिकडे, त्यांच्याच मुलखात. सात वर्षांचा होतो मी. पाला खाल्लाय." त्यानं डोळे चोळले. "तिथं एकानं आम्हाला रताळी उकरताना धरलं होतं. मारलं नाही त्यानं." मग म्हणाला, "एका शब्दानं सांगितलं असतंस मला."

"मग आता ओढा उघडा ना."

"तो गावाचा निकाल आहे. मी एकट्यानं तो मोडला तर माझंच रान आधी जाळतील. पण पोरीला घेऊन ये. तिला मी मोठ्या इस्पितळात नेतो. जा."

दिपिओ शनिवारपर्यंत थांबली नाही. दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून, वुनीला सोबत घेऊन ती वसाहतीत गेली. झोपडीचं छप्पर उतरलेलं होतं. शेजारच्या दोन बाया कुडाच्या काठ्या उपटून जळणासाठी बांधत होत्या.

"गेल्या दोघी," त्यातली एक न बघताच म्हणाली. "काल. आईला शोधते म्हणाली. कसाव्याच्या ट्रकवर बसल्या."

"हात कसा होता?"

"काळा पडत चालला होता."

ती दोघं सायकली हाणत दुपारी लारोपीला नदीवर पोचली. तराफा पलीकडच्या काठाला लागलेला होता. तो परत येईपर्यंत ती उन्हात उभी राहिली. मग दिपिओनं दोर ओढणाऱ्या माणसाला विचारलं.

"हात बांधलेली पोरगी? सोबत लहान बहीण?" त्यानं डोकं खाजवलं. "रोज शेकड्यानं जातात बाई. परत येणारे कमी, तेवढं ठाऊक आहे."

वुनी म्हणाला, "पलीकडे जायचं?"

पलीकडे मोयो गाव, त्यापुढे सरहद्द, आणि सरहद्दीपुढे कुठल्या गावात ते शेत होतं हे दिपिओनं जोकुडूला कधी विचारलंच नव्हतं. इतके शनिवार गेले, पण गावाचं नावही तिला माहीत नव्हतं.

माणसं, शेळ्या, पोती तराफ्यावर चढली. चढायची वाट बंद करणारी साखळी पडली. दोघं काठावरच उभी होती.