साखर किती, मिस?

सकाळी दहाला व्हरांड्याच्या कोपऱ्यावर नोलीनची चहाची गाडी कुरकुरली, की खोल्याखोल्यांतल्या माना दाराकडे वळत. त्या चाकाला तेल घालायचं नाही, असं तिनेच दुरुस्तीवाल्याला बजावलं होतं. "माझी घंटा आहे ती," म्हणायची. मरे नावाच्या नदीकाठच्या त्या वृद्धाश्रमात एकोणीस वर्षं ती चहा देत होती. कुणाला दूध आधी, कुणाला नंतर, कुणाचं बिस्किट बुडवून मऊ करून द्यायचं, सगळं तोंडपाठ. विचारायची वेळच यायची नाही.

आणि आता ती गाडीच बंद व्हायची होती.

"सरकारचा नवा नियम आलाय, नोलीन," व्यवस्थापक ब्रॉनविन म्हणाली. तिचाही चेहरा उतरला होता. "इथल्या प्रत्येकाला रोज ठरलेली मिनिटं सेवा मिळालीच पाहिजे. नियम चांगलाच आहे गं. पण मिनिटं धरतात ती शिकलेल्या सेविकेची. चहावालीची नाही. जूनअखेर स्वयंपाकघर बाहेरच्या कंपनीकडे जातंय."

"म्हणजे म्हाताऱ्या आल्फशेजारी बसून मी अर्धा अर्धा तास त्याच्या द्राक्षमळ्याच्या गप्पा ऐकते, त्याचं काय?"

"कागदावर तू तिथे नसतेसच." ब्रॉनविनने एक अर्ज पुढे सरकवला. "सेविकेचा अभ्यासक्रम कर. फी सरकार भरतंय, सेविकांचा पगारही वाढवलाय. प्रमाणपत्र मिळालं की तुला इथून कोणी हलवत नाही."

"ब्रॉन, मी नववीत शाळा सोडून द्राक्षं खुडायला गेलेली बाई. सत्तावन्नाव्या वर्षी परीक्षा?"

अर्ज घडी करून तिने एप्रनच्या खिशात ठेवला, आणि सात नंबरच्या खोलीत तो पकडला गेला.

सात नंबरमध्ये मिस ईनिड पास्को. वय एक्याण्णव. निम्म्या गावाला त्यांनी शिकवलं होतं, नोलीनलाही, चौथीत. हल्ली पुतण्याचं नाव त्यांना आठवत नसे, जेवण झालंय की व्हायचंय तेही नाही. पण नोलीनला त्या अजून माहेरच्या नावाने हाक मारत.

"नोलीन हिकी, खिशात काय लपवतेस? दाखव इकडे."

अर्ज वाचून त्यांनी चष्मा काढला. "उद्यापासून वही घेऊन ये. आणि खिडकीबाहेर बघत बसायचं नाही."

मग रोज दुपारी काम संपलं की सात नंबरात शाळा भरू लागली. माणसाला कुशीवर कसं वळवायचं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं, पडू न देता उठवायचं कसं. सरावाला मिस स्वतःच. "डावा पाय धर. उजवा जरा चिडका आहे." लेखी पेपरात नोलीन पास झाली. स्वतःचाच निकाल तिने तीनदा वाचला.

राहिली प्रत्यक्ष परीक्षा. परीक्षक थुई, तिशीतली, हसरी. काम सोपं होतं: मिस पास्कोंना न्याहारी द्यायची. नोलीनच्या हातचा मळ! तिने उशी टेकवली, टोस्टच्या कडा कापल्या, चार तुकडे केले, चहात दोन चमचे साखर ढवळली, कप त्यांच्या हाती नीट बसवला.

थुईने हातातला कागद खाली ठेवला. "तुमच्या हाताला माया आहे. पण तुम्ही यांना एकही प्रश्न विचारला नाहीत."

"विचारायचं काय? मला माहीत आहे ना सगळं!"

"तेच तर. कसं जगायचं ते त्यांनी ठरवायचं, नव्या कायद्याचं पहिलं म्हणणंच ते आहे. अगदी साखरसुद्धा." आणि हळूच, "तीन आठवड्यांनी अजून एक संधी आहे. शेवटची."

थुई गेल्यावर नोलीन पलंगाच्या कडेवर बसली. "मिस, मी नापास झाले."

"ऐकलं. मी बहिरी नाही." मिसनी कप खाली ठेवला. "ती पोरगी बरोबर बोलली. मी इथे आल्यापासून मला कुणी काही विचारलेलंच नाही. सगळे नुसतं प्रेम करत सुटलेत."

नोलीनला ते लागलं.

"विचार मला."

"काय?"

"साखर."

"अहो, दोन चमचे. सहा वर्षं तेच तर..."

"विचार!"

"साखर किती, मिस?"

"दोन," मिस समाधानाने म्हणाल्या.

तीन आठवडे नोलीन गाडीवर सगळ्यांनाच विचारत सुटली. आल्फ म्हणाला, "विसरायला लागलीस होय? माझ्या शेजारची खोली रिकामी आहे बघ." आणि मग जरा विचार करून, "आज कॉफी दे."

पुन्हा परीक्षेचा दिवस. त्या सकाळी मिसनी आज रविवार आहे का म्हणून दोनदा विचारलं होतं.

"मिस, पलंगावर बसणार की खिडकीपाशी?"

"खिडकीपाशी."

"टोस्ट कापून देऊ?"

"मला हात आहेत."

"साखर किती, मिस?"

"नको."

भरलेला चमचा हवेतच थांबला. बाई विसरल्या की काय? बिनसाखरेचा त्या पिणार नाहीत, दिवसभर कशाला तोंड लावणार नाहीत. सहा वर्षांची सवय बोटांत शिवशिवत होती. थुईचं पेन थांबलं होतं.

नोलीनने साखर परत भांड्यात ओतली. "बरं, मिस. नको तर नको."

मिसनी तो चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. चेहऱ्यावर सुरकुती हलली नाही, म्हणजे होत्या तेवढ्यातली. थुईने सही केली, नोलीनचा हात दोन्ही हातांत धरून दाबला आणि ती गेली.

दार लागलं.

"शी! औषध परवडलं."

"मग नको का म्हणालात?"

"दोन म्हटलं असतं, तर तुझ्या हाताने ती आपोआपच टाकली असती. ती कसली परीक्षा? चौथीतसुद्धा पाढे सुरात घडाघडा म्हणायचीस, मधलाच एखादा विचारला की गप्प."

नोलीन हसता हसता रडली, नाक पुसलं, नवा कप भरला. आता इथून पुढे तिची ही मिनिटं कागदावर लागणार होती, पण दोघींचंही तिकडे लक्ष नव्हतं. हात साखरेकडे गेला, आणि थबकला.

"साखर किती, मिस?"

"तीन," मिस पास्को म्हणाल्या. "आज आपण पास झालोय ना."