रोहिणीला न विचारता दिलेली साक्ष

साक्ष द्यायची म्हणजे सहादेवला पर्वणीच. देवाने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीपुढे उभं राहून सांगायचं, आणि सहादेव एकदा सुरू झाला की पाळकसाहेबही घड्याळ बघू लागत. पारनेरजवळच्या त्या छोट्या चर्चमध्ये त्या रविवारी मात्र त्याने थोडक्यात आटोपलं.

"देवानं मागितलं तवा अब्राहामानं पोटच्या पोराचा, इसहाकाचा बळी द्यायला मागंफुडं पाह्यलं न्हाई. देवानं तर सोताचा एकुलता एक पुत्र येशू दिला. माझी रोहिणी तिच्या भावाला किडनी देनार हाय!"

टाळ्या पडल्या, हालेलुया झालं. बायकांत बसलेल्या रोहिणीला हे नवीनच होतं. तिची किडनी थोरल्या भावाला, हर्षलला जुळते, एवढंच तपासणीत कळलं होतं. ती हो म्हणाली नव्हती, तिला कुणी विचारलंच नव्हतं. शेजारच्या मावशीने तिच्या गालावरून हात फिरवला, तेव्हा तिला वाटलं, कापायच्या आधी कोकराला असंच कुरवाळत असतील.

सुप्याच्या कारखान्यात ती धडधडत्या मशीनवर बिनधास्त काम करायची. पण भूल दिल्यावर आपण उठलोच नाही तर, याची तिला भीती वाटे. हर्षलचा सुजलेला चेहरा पाहिला की त्या भीतीची लाज वाटे. लाजेने भीती काही जात नसे.

दुपारी हर्षल आत पडला होता. सहादेव ओसरीवर बायबल घेऊन बसला होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"पप्पा, अब्राहामाचा सुरी उगारलेला हात देवदूतानं आडवला. येशूच्या वेळंला देवाला कुनी का न्हाई आडवलं?"

लेक वचनातलं विचारतेय म्हटल्यावर सहादेवची कळी खुलली. "इसहाकाच्या जागी मेंढा घावला. येशूच्या जागी कोन घावनार? आन् तो सोता तयार हुता."

"तयार झाला! क्रुसावर जायच्या आदी बागेत भ्याला, घामाघूम झाला, बापाला म्हनला, टळतंय का बघ. मग हो म्हनला. जुन्या करारातला इसहाक तर पाठीवर होमाची लाकडं घिऊन बापाला इचारत हुता, कोकरू कुटं हाय? त्याला बापानं खरं सांगितलं का? तुमी मला त्या लाकडांवर ठिवलंय, आन् साक्ष दिली ती येशूवानी मी सोता तयार असल्याची."

"शुगर नसती तर माझीच दिली असती गं."

"ठाव हाय. पन मला इचारलं का न्हाई?"

सहादेव चष्मा पुसत बसला. मग मान खाली घालून म्हणाला, "इचारलं असतं आन् तू न्हाई म्हनली असतीस तर? पोरगं जाईल या भ्यानं मी अर्धा मेलोय. मंडळीफुडं बोललं म्हंजी तुला फिरता येनार न्हाई, म्हनून बोललो."

भल्या माणसाने देवाचं नाव पुढे करून लेकीला कोंडीत धरलं होतं, आणि ते त्याला आत्ता स्वतःच्याच तोंडून कळत होतं.

"आता इचारतो," तो म्हणाला. "न्हाई म्हनलीस तर फुडल्या रविवारी उठून माझी चूक सांगीन. देशील का?"

आता खरोखर नाही म्हणता येत होतं, त्यामुळे रोहिणी आणखीच घाबरली. सकाळपासून निदान बापाला दोष देता येत होता. आत हर्षल कण्हत कूस बदलत होता.

"देते," ती म्हणाली आणि तिला रडू कोसळलं. "पन मला लई भ्या वाटतंय, पप्पा."

आल्यागेल्याला 'भिऊ नको, देव हाय' म्हणणारा सहादेव या वेळी तसं काही बोलला नाही. त्याने लेकीचा हात घट्ट धरला.

"मला बी," तो म्हणाला.