धाकट्याचा नकार

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या दोघा भावांत दोन वर्षं अबोला होता. थोरल्याने चार मेकॅनिकांसमोर धाकट्याची चूक काढली आणि धाकट्याने ती मनाला लावून घेतली, एवढंच निमित्त.

एका कामात मात्र दोघेही होते. निरनिराळ्या कंपन्यांचे मेकॅनिक मिळून लिफ्टच्या बिघाडांचं सामाईक ज्ञान उभं करत होते: लक्षण कुठलं, कशामुळे, उपाय काय. सगळं ब्लॉकचेनवर. कुणीही लक्षण-कारणाची नवी जोडणी सुचवायची. तिघांचा होकार आला की ती सगळ्यांची. प्रत्येक होकार-नकार आधीच्या नोंदीत अडकवलेला, प्रती सगळ्यांकडे. मागाहून कुणालाच काही खोडता येत नसे.

थोरल्याने सुचवलं होतं, ‘थांबताना ब्रेक कुरकुरला तर धूळ समजू नका. तेल ब्रेकच्या पट्ट्यांवर उतरत असतं. लिफ्ट ताबडतोब बंद करा.’ दोन होकार आले. तिसरी पाळी धाकट्याची. त्याने सोबतचे फोटोही न उघडता ‘पुरावा नाही’ असं ठोकून दिलं. जोडणी तिथेच अडून राहिली.

पुढे थोरला आजारी पडला आणि चार महिन्यांत गेला. धाकटा एकदाही दवाखान्याची पायरी चढला नाही.

महिनाभराने एका सातमजली इमारतीत त्याला तीच कुरकुर ऐकू आली. त्याने ब्रेक उघडला. पट्ट्या तेलाने माखलेल्या. त्याने लिफ्ट बंद ठेवली.

नोंदींचं काम बघणाऱ्या बाईंना त्याने तिथूनच फोन लावला.

“माझा नकार काढून टाका.”

“नाही हो काढता येत. म्हणून तर लोक विश्वास ठेवतात. त्याच्यापुढे होकार जोडा, कारण लिहा.”

त्याने लिहिलं, ‘दादाचं बरोबर होतं. मी न बघताच नाही म्हटलं.’

जोडणी पक्की झाली. मग त्याने जुन्या नोंदी चाळल्या. त्याच्या स्वतःच्या अकराही जोडण्यांना दादाचा होकार होता. शेवटचा, जाण्याच्या आठ दिवस आधीचा.

तो वहिनीकडे गेला आणि फोन तिच्यापुढे धरला. वाचून झाल्यावर ती म्हणाली, “हे रोज विचारायचे, धाकट्याचं काही आलं का. मला वाटायचं, तुमच्या भेटीचं विचारतायत.”

“तुम्ही काय सांगायचात?”

“येतील, म्हणायचे मी. दुसरं काय सांगणार, भावजी?”

“वहिनी, मला बोला ना काहीतरी. चांगलं खडसवा.”

तिने नकारार्थी मान हलवली. खुर्ची त्याच्याकडे सरकवली आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.