अनवाणी तेवीस दिवस

सुंदररावांनी उजवा पाय पितळी परातीत ठेवला, तेव्हा त्यांचा हिशेब जवळजवळ पुरा होत आला होता. सोसायटीला चारा छावणी मिळाली होती. छावणी म्हणजे पाच गावांची जनावरं, जनावरांमागोमाग पाच गावांची मतं, आणि मतांमागोमाग पुन्हा चेअरमनपद, तेही बिनविरोध. बदल्यात त्यांनी दिलं काय होतं? पाऊस पडेपर्यंत अनवाणी राहायचा नेम बोलले होते. आणि हा नेम त्यांना फुकटात पडत होता, हे एकट्या त्यांनाच ठाऊक होतं.

हिवाळ्यात एकदा त्यांच्या डाव्या पायातली चप्पल वाटेतच गळून पडली होती.

"चेअरमन, दुसरी घरीच इसरली काय?" दुकानातून शंकरप्पानं विचारलं, तेव्हा त्यांना कळलं.

तळवे बधिर झाले होते. बीडच्या डॉक्टरीणबाई वर्षभर इन्सुलिन घ्या म्हणून सांगत होत्या. पण सुईवर जगणाऱ्या माणसाला चेअरमन कोण ठेवतो? सुंदरराव गोळ्यांवर भागवत राहिले. मग मे महिन्यात माजलगावच्या धरणाचा तळ उघडा पडला आणि आपल्या तळव्यांचा उपयोग काय, ते त्यांच्या ध्यानात आलं.

विरोधातल्या बबनरावांनीही ईर्ष्येनं चपला काढल्या होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांच्या पायात मोजे दिसले. पाचव्या दिवसापासून ते जीपमधून खालीच उतरेनात.

एक गोष्ट मात्र सुंदररावांनी हिशेबात धरली नव्हती. नवऱ्याचा अनवाणी नेम असला की बायकोनंही पायात घालायचं नाही, ही त्यांच्या घरातली रीत. तेवीस दिवस वच्छलाबाई त्यांच्यामागून चालत होत्या.

छावणीत रोज एक बाई तांब्याभर पाण्यानं नेमवाल्याचे पाय धुवायची. आज छबुबाईची पाळी होती. तिनं टाच हातात घेतली आणि थबकली.

"अगं माय! काटा शिरलाय की. येड्या बाभळीचा."

तिनं तो ओढून काढला. बोटाच्या पेराएवढा होता. पाठोपाठ पू आला. सुंदरराव छावणीच्या मुकादमाशी, आश्रुबाशी, चाऱ्यासाठी आणायच्या उसाच्या वाढ्यांबद्दल बोलत होते. त्यांचं वाक्यही तुटलं नाही.

"बघा बे!" आश्रुबा ओरडला. "मालकानं भुवई हालवली न्हाई. ह्याला म्हनत्यात निष्ठा!"

माणसांनी हात जोडले. वच्छलाबाईंनी जोडले नाहीत. त्या छबुबाईच्या हातातल्या काट्याकडे बघत होत्या.

"दवाखान्यात चला," त्या म्हणाल्या.

जीप बीडच्या वाटेला लागली. मग वच्छलाबाई हळूच म्हणाल्या, "अवो, एक इचारू? मला लई भाजतंय. पयल्या दिसापासून. तुमाला एवढा काटा बोचत न्हाई, मग मला कावून नुसती सडक सोसत न्हाई? माझ्याच मनात खोट हाय का?"

सुंदररावांनी जीपची काच खाली केली, मग वर केली.

डॉक्टरीणबाईंनी जखम साफ केली. मग नायलॉनचा एक आखूड दोरा काढला.

"डोळे मिटा, चेअरमनसाहेब. दोरा टेकला की हो म्हणा."

सुंदररावांनी डोळे मिटले. डोक्यावर पंखा कुरकुरत होता. दोरा काही टेकेना. शेवटी त्यांनीच विचारलं, "केलं का सुरू?"

त्यांनी डोळे उघडले. डॉक्टरीणबाई दोरा ट्रेमध्ये ठेवत होत्या. वच्छलाबाई खुर्चीवरून अर्धवट उठल्या होत्या.

"दहा जागी टेकवला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कधीपासून कळत नाही?"

"हिवाळ्यापून," सुंदरराव भिंतीकडे बघून म्हणाले.

वच्छलाबाई खाली बसल्या.

"मोटारीच्या वायरीला वेष्टण असतं ना, तसं मज्जातंतूलाही असतं," डॉक्टरीणबाई समजावू लागल्या. "ते सोललं की पायाचा निरोप डोक्यापर्यंत नीट पोचत नाही. इन्सुलिन नुसती साखर उतरवत नाही. वेष्टण तयार करणाऱ्या पेशींनाही त्याचा इशारा लागतो. तुमची साखर वाढलेली आणि इन्सुलिन पुरं पडत नाही, म्हणजे दोन्हीकडून मार. गेलेलं सगळं परत येईल असं मी म्हणणार नाही. पण आजपासून सुई, आणि पायात बूट. नाहीतर हा पाय कापायची पाळी येईल." मग त्या वळल्या. "काकू, तुमचे पाय बघू."

वच्छलाबाईंनी पाय लुगड्यात ओढून घेतले.

"मला काय न्हाई झालं. मला समदं कळतंय."

परत येईपर्यंत छावणीसमोर गर्दी जमली होती. सुंदररावांनी वाटेत एक वाक्य तयार केलं होतं, दोनदा मनातल्या मनात म्हणूनही पाहिलं होतं. ते नवे बूट घालून खाली उतरले, तसा गलका थांबला.

"मालक, हे काय?" आश्रुबानं विचारलं. "नेम हाय न्हवं?"

सुंदररावांनी तोंड उघडलं.

"माझ्यानं सोसंना," मागून वच्छलाबाई म्हणाल्या. "मीच हातापाया पडले, मोडा म्हनलं. त्यांना कुनी बोल लावू नका."

डॉक्टरीणबाईंना न दाखवलेला तळवा त्यांनी जीपच्या पायरीवर बसून सगळ्यांसमोर उलटा केला. फोडांवर फोड आले होते. मधली कातडी निघून गेली होती. छबुबाईनं तोंडाला पदर लावला.

सुंदररावांना बोलायला पुष्कळ वेळ होता. ते बुटांच्या नाड्यांकडे बघत राहिले.

छावणी त्यांचीच राहिली, खुर्ची राहिली, पाय राहिला. बायकोपायी नेम मोडणारा माणूस म्हणून वर थोडं नावही झालं. रोज सकाळी वच्छलाबाई त्यांच्या पोटावर इन्सुलिनची सुई टोचत. ती त्यांना चांगली कळे. ते मान वळवून घेत.

त्या साली मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरडी गेली. शेणाच्या पाट्या उचलता उचलता बायका त्याचं कारण एकमेकींना सांगत, आणि वच्छलाबाई दिसल्या की थांबत. ती दोन्ही नक्षत्रं त्यांच्या नावावर लागली होती.