वजूचं पाणी

मी एक जुना तांब्याचा लोटा आहे, मित्रांनो. पोट गोल, पुढं वाकडी तोटी, बुडाला एक पोचा. दुसरबीडला फारुखच्या अंगणात मोरीजवळच्या दगडावर माझा मुक्काम असतो. मला बघून सुस्कारे टाकू नका, मला कुणाची कीव सोसत नाही.

तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं. पोटात कल्हई झाली तेव्हा काय झळकत होतो म्हणता! फारुख आणि अकरम या दोघा भावांची आई नूरबी, तिच्या जहेजमध्ये, म्हणजे लग्नाच्या आंदणात, मी या घरी आलो. लग्नकार्यात पाहुणे माझ्या धारेखाली हात धुवायचे आणि म्हणायचे, “लोटा लय देखणा हाय बुवा.” पण माझं खरं काम वजूचं. नमाजाआधी हात, तोंड, पाय धुतात, तीनदा चूळ भरतात, त्याला वजू म्हणतात. नूरबीचा नवरा असेपर्यंत मी पाची वेळा भरला जायचो.

मग अंगणात नळ आला आणि माझी रवानगी दुकानात झाली. दोघा भावांचं रस्त्यावर ट्रॅक्टरच्या सीटा शिवायचं दुकान आहे. तिथं माझ्या पोटात दाभणं आणि मेणाचा दोरा कोंबून ठेवत. तोटीत कोळ्यानं घर केलं. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय!

मला पुन्हा घरी आणलं ते फारुखच्या दुखण्यानं. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. रक्त धुऊन घ्यायला तो जालन्याला जाऊ लागला आणि आला की खाटेवर पिळलेल्या फडक्यासारखा पडून राहू लागला. लघवीच होत नाही, म्हणून प्यालेलं पाणी अंगातच साठतं. डॉक्टरांनी दिवसाचं पाणी एका बाटलीत बांधून दिलं. तेही उन्हाळ्यात, आमच्या बुलढाण्याच्या! त्याची बायको मुबीना हिनं माठ आत नेला, नळाची चावी काढून पदराला बांधली. वजूला मात्र ती नाही कशी म्हणणार? म्हणून ठरलं, की अकरमनं मला अर्धा भरून भावापुढं ठेवायचं.

आता अकरमचं ऐका. फारुखला कुणी जिवंत माणसानं एक किडनी दिली तर तो वाचणार होता. नूरबीला साखर, मुबीनाचा रक्तगट जुळेना. डोणगावला दिलेली बहीण नाजिश धावत आली. म्हणाली, “माह्या रक्ताचा गट जुळते. मी देतो भाईले.” जुम्म्याचा दिवस, अंगण माणसांनी भरलेलं. सगळे अकरमकडं बघायला लागले. अकरम उठला आणि म्हणाला, “भाऊ जित्ता असतानी बहिणीले काऊन कापायचं? मी देतो.” लोकांनी त्याला मिठ्या मारल्या, गळ्यात हार घातला. नाजिश रडत रडत डोणगावला परत गेली. अकरमनं मात्र तो हार घाईघाईनं गळ्यातून उतरवला. त्याला पोटातून नको होतं हो! भ्यायला होता तो. भ्यावं, त्यात काय पाप आहे? पण घातलेला हार परत कसा द्यायचा?

तपासण्यांत महिने गेले. आणि फारुख एकाएकी मोठा नमाजी झाला. पाच वेळचे नमाज तर झालेच, वर जास्तीचे. शेजारी म्हणू लागले, “दुखण्यानं माणूस सुधरला.” नूरबीचे डोळे भरून यायचे. मला काय ते ठाऊक होतं. तो पहिली चूळ थुंकायचा. दुसरी तोंडात धरून ठेवायचा, डोळे मिटायचा, आणि गिळायचा. तिसरीही गिळायचा. चेहऱ्यावर असं सुख यायचं, की मला माझ्या कल्हईचे दिवस आठवायचे. नंतर तोच माणूस नमाजात रडायचा.

एका दुपारी अकरम टॉवेल घेऊन शेजारी उभा होता. फारुखचा गळा वरखाली झालेला त्यानं पाहिला. मला वाटलं, आता ओरडेल, लोटा हिसकून घेईल. त्यानं नुसता टॉवेल पुढं केला. पुढच्या नमाजाला त्यानं मला काठोकाठ भरून आणलं. त्यानंतर रोजच काठोकाठ. मुबीना स्वयंपाकात असायची, तिला दिसायचं नाही. फारुख म्हणायचा, “तुह्यासारखं पाणी कोणी देत नाही रे.” मी तांब्याचा असून मला कापरं भरलं.

ऑपरेशनची तारीख आली आणि फारुख फुगला. पाय सुजले, छातीत पाणी झालं, श्वास घेता येईना. जालन्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन पुढं ढकललं आणि विचारलं, एवढं पाणी आलं कुठून? फारुखनं चुळांचं सांगून टाकलं. मी काही तिथं नव्हतो. पण ते घरी आल्यावर अंगणात जे झालं ते सगळं ऐकलं.

“मी एकेक घोट मोजत बसली, अन् तुमी अल्लाच्या नावानं पेले!” मुबीना कपाळ बडवत होती.

अकरम सगळ्यांसमोर उभा राहिला. “ज्याले चूळ थुकता येत नाही, तो माही किडनी काय सांभाळीन? मले बी लेकरं हायेत.”

लोकांनी माना हलवल्या. नवी किडनी बसली की भरपूर पाणी प्यायचं असतं, हे डॉक्टरांनी दोघा भावांना समोर बसवून सांगितलं होतं. त्या भरपूर पाण्याच्या आशेवर तर फारुख जगत होता! तेव्हा कुणाला ते आठवलं नाही. मुबीनानं नाजिशला फोन लावला. नाजिशला दिवस गेले होते. ती फोनवर नुसती रडली.

मी ओरडलो असतो, पण तोटीला जीभ नसते.

फारुख खाटेवरून खाली उतरला. सुजल्या पायांनी अकरमजवळ गेला, त्याचे हात धरले. “गुन्हा माहाच हाय. माफ कर मले.”

अकरमनं डोळे पुसले. खरंच पुसले. आणि म्हणाला, “माफ केलं, भाई.”

बघणाऱ्यांतला एक म्हातारा म्हणाला, “भाऊ असावा तं असा.”

मित्रांनो, जुन्या भांड्यांना जपा, घासूनपुसून ठेवा, असं मी सांगणार होतो. राहू द्या ते. मला मोडीत घाला, वितळवा, माझी तक्रार नाही. पण कुणी तुमच्याकडं जीव मागितला आणि द्यायचं धाडस नसेल, तर तोंड उघडून नाही म्हणा. लाज वाटेल, लोक चार दिवस बोलतील. तो बिचारा निदान दुसऱ्या दाराशी वेळेत तरी पोचेल.