माझ्या काजळीची पांढरी रेघ

मित्रांनो, मी एक जुने जेट इंजिन आहे. अहिल्यानगरजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या शेडमध्ये मला लोखंडी स्टँडवर ठेवले आहे. मुलांना आतले दिसावे म्हणून माझी एक बाजू कापून टाकली आहे.

बावीस वर्षे मी एका प्रवासी विमानाच्या डाव्या पंखाखाली होते. पस्तीस हजार फुटांवर उणे पन्नास अंशांची थंडी असते. तिथे मी इंधन जाळत असे आणि मागे वाफ व काजळी सोडत असे. काजळीच्या कणांना धरून ती वाफ गोठे आणि आभाळात बर्फाची पांढरी रेघ उमटे. विमान वेळेवर पोहोचे, माझे कौतुक होई.

उतारवयात माझ्या इंधन फवारणाऱ्या तोंडांशी कोळसा साचला. साफसफाई दोनदा पुढे ढकलली गेली. काजळी वाढली. कण जास्त झाले की बर्फाचे स्फटिकही जास्त आणि बारीक होतात. ते लवकर खाली पडत नाहीत. वर ओलसर हवा असेल तर रेघ पसरते, तासन्‌तास राहते आणि जमिनीवरून वर निघालेली ऊब अडवून धरते, म्हणून हवा तापते. हे मला फार उशिरा कळले. खाली माणसे मान वर करून ती रेघ पाहतात, हे तर त्याहून उशिरा.

गेल्या फेब्रुवारीत शेवटच्या वर्षाची निकिता प्रदर्शनासाठी मला पुसत होती. कॉलेजचे वॉचमन बन्सीमामा, मूळचे तिसगावचे, जवळ आले. त्यांनी माझ्या आत बोट फिरवले. ते काळे झाले.

“बघ पोरी, इमानातनं सोडत्यात ती हीच पावडर. ढग पळवायची.”

निकिता हसली. “मामा, ही काजळी आहे. ती कशी ढग पळवेल? उलट तिच्यावर बर्फ धरतो.”

“शिकव आता मला! इमानानं आभाळात पांढरा पट्टा वढला की पाऊस गेलाच. साऱ्या गावाला इचार.”

“पट्टा लगेच विरतो का?”

“कवा इरतो, कवा ऱ्हातो.”

“वर कोरडं असलं की विरतो. राहिला तर वर ओल आहे, एवढंच. पाऊस येईलच असं नाही.”

मामा खाली बसले. “दादा बी एवढंच म्हनला हुता.”

मग त्यांनी सांगितले. अकरा वर्षांपूर्वी दोघा भावांचा कांदा काढून रानात पडला होता. थोरले कानिफनाथ जामखेडला लग्नाला निघाले होते. जाताना म्हणाले, “बन्स्या, पट्टा सकाळपासनं हाय. वर ओल हाय. कांदा झाक.” चौघे शेजारी तिथेच होते. त्यांच्यादेखत मामा हसले. ताडपत्री घडीतच राहिली. संध्याकाळी पाऊस कोसळला, दोघांचाही कांदा सडला.

“तेवढं चाललं असतं,” मामा म्हणाले. “पर पारावर साऱ्यांफुडं मी म्हनलो, कांदा झाक असं दादा मला म्हनलाच न्हाई. ते चौघं बी गप बसले. तवापासनं दादा बोलत न्हाई.”

“मग आता फोन करा ना!”

मामांना कमी ऐकू येते, म्हणून निकिताने स्पीकर लावला.

“दादा, बन्सी बोलतुया. त्या कांद्याचं... तू सांगितलं हुतंस.”



“मला काय सांगतो?” कानिफनाथ म्हणाले. “मला ठावं हाय. गावाला सांग.” फोन बंद झाला.

बाजाराच्या दिवशी मामा रजा टाकून तिसगावला गेले. परतल्यावर निकिताने विचारले, “सांगितलं?”

“पारावर हुभा ऱ्हाऊन सांगितलं. त्या चौघांतले दोघंच उरल्यात.”

“आणि दादा?”

“चहा पाजला. बोलला न्हाई.”

मित्रांनो, माझ्या रेघा आभाळातून कधीच विरल्या, पण त्यांनी अडवलेली ऊब मला आता बाहेर सोडता येत नाही. तुमच्या यंत्रांची काजळी वेळेवर साफ करा. आणि कुणाचे खरे बोलणे तुम्ही खोटे पाडले असेल, तर ऐकणारे सगळे हयात असतानाच जाऊन सांगा.